वाचक विचारतात : ग्रॅम, वर्ण आणि शिक्षेची वर्षं

गेल्या अंकात अमेरिकेतल्या तुरुंगांवर लेख होता. अमली पदार्थांच्या खटल्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या आरोपींच्या वाट्याला सारखी शिक्षा येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी तपशील विचारला, काहींनी शंका घेतली. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : क्रॅक आणि कोकेन यांच्या शिक्षेत शंभरपटीचा फरक होता, असं तुम्ही लिहिलंत. हे दोन निराळे पदार्थ आहेत का? आणि नेमकं शंभरच का?

द्रव्य एकच आहे. पावडर म्हणजे कोकेनचा क्षार आणि क्रॅक म्हणजे त्याच पावडरीपासून केलेले खडे. शरीरात गेल्यावर दोन्हींचं कोकेनच होतं. फरक पडतो तो घेण्याच्या पद्धतीत. पावडर बहुतेक जण नाकाने ओढतात. क्रॅकचा धूर घेतात, म्हणून नशा काही सेकंदांत चढते आणि तितक्याच लवकर उतरते. पण पावडर पाण्यात विरघळवून शिरेत टोचली तरी असंच होतं, आणि टोचून घेणाऱ्यासाठी कायद्याने वेगळं वजन ठरवलेलं नाही.

खरा फरक बाजारात होता. क्रॅकचे छोटे खडे पाच-दहा डॉलरला सुटे मिळत, त्यामुळे गरीब वस्तीत रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांची विक्री होई. पावडर महाग. ती बंद दाराआड, ओळखीच्या माणसाकडून घेतली जाई.

१९ जून १९८६ रोजी मेरीलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू लेन बायस कोकेनमुळे मरण पावला. दोनच दिवस आधी बोस्टन सेल्टिक्स संघाने त्याची निवड केली होती. देश हळहळला. त्याने घेतलं होतं ते पावडर कोकेन, पण त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर क्रॅकचीच चर्चा होती, त्यामुळे लोकांनी त्याचा मृत्यू क्रॅकशी जोडला. नोव्हेंबरमध्ये निवडणुका होत्या. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नेहमीच्या समिती-सुनावण्यांना जवळजवळ फाटा देऊन काही आठवड्यांत कायदा तयार केला आणि २७ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली.

त्या कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅक विकण्यासाठी बाळगलं तर किमान ५ वर्षं सक्तीची. पावडरीच्या बाबतीत तेवढीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागत. १० वर्षांसाठी क्रॅकचे ५० ग्रॅम पुरत आणि पावडर ५ किलो लागे. १९८८ मध्ये आणखी एक कलम आलं. विक्रीचा संबंध नसताना नुसतं ५ ग्रॅम क्रॅक जवळ सापडलं, तरी पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षं. जवळ बाळगण्यासाठी अशी सक्तीची शिक्षा फेडरल (म्हणजे केंद्रीय) कायद्यात इतर कोणत्याही अमली पदार्थाला नव्हती.

शंभर या आकड्याला शास्त्रीय आधार नव्हता. रेगन सरकारच्या प्रस्तावात प्रमाण वीसपट होतं, प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात पन्नासपट होतं आणि सिनेटच्या मसुद्यात ते शंभरपट झालं. गंभीर दिसण्याच्या चढाओढीत आकडा फुगत गेला. फेडरल शिक्षांची मापं ठरवणाऱ्या सरकारी शिक्षा आयोगाने १९९५ च्या अहवालात याचा हिशेब मांडला. ५ ग्रॅम क्रॅक म्हणजे १० ते ५० डोस आणि ५०० ग्रॅम पावडर म्हणजे २,५०० ते ५,००० डोस. म्हणजे कोपऱ्यावरच्या पोराला आणि त्याला माल पुरवणाऱ्याच्या पुरवठादाराला एकाच मापाने मोजलं गेलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही कृष्णवर्णीय खासदारांनीही या कायद्याला पाठिंबा दिला होता. त्यांच्या मतदारसंघांत क्रॅकने घरं उद्ध्वस्त होत होती आणि काहीतरी करा, असं लोकच सांगत होते. लोकांना हवी होती सुरक्षितता. त्यांच्या हाती तुरुंगवास पडला, व्यसनमुक्ती केंद्रं त्या प्रमाणात आलीच नाहीत.

प्रश्न : कायद्यात वर्णाचा उल्लेखच नाही. मग त्याला वांशिक अन्याय कसं म्हणायचं? जे क्रॅक विकत होते तेच पकडले गेले, इतकं साधं नाही का हे?

शंका रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९९२ मध्ये फेडरल न्यायालयांत क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांपैकी ९१.४ टक्के कृष्णवर्णीय होते. त्याच काळातल्या सरकारी पाहणीत मात्र वर्षभरात क्रॅक घेतल्याचं सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक गोरे होते. घेणारा आणि विकणारा एकच नसतो, हे मान्य. पण व्यसनी माणूस बहुधा आपल्याच वस्तीतून, आपल्याच ओळखीत माल घेतो. हे लक्षात घेतलं तर ही तफावत विक्रेत्यांच्या संख्येने भरून निघत नाही.

ती भरते वाटेतल्या दारांवर. पहिलं दार पोलिसांचं. साध्या वेशातले पोलीस खरेदीदार बनून जातात ते उघड्यावरच्या विक्रीत, कारण तिथे एका संध्याकाळी दहा अटका होतात. उपनगरातल्या बैठकीच्या खोलीत शिरायला वॉरंट लागतं, खबऱ्या लागतो, आठवडे लागतात. अटकांचा आकडा हेच यशाचं माप असेल, तर पथक सोप्या जागीच जाणार. गांजाचं उदाहरण यापेक्षा स्पष्ट आहे. गांजा ओढण्याचं प्रमाण दोन्ही समाजांत जवळपास सारखं असूनही गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीय माणसाच्या बाबतीत ३.६४ पट होती, असं नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एसीएलयू या संघटनेच्या २०२० च्या अहवालात दिसलं. २०१३ च्या अहवालात तो आकडा ३.७३ होता. मधल्या काळात कितीतरी राज्यांनी गांजावरची बंदी सैल केली, तरी तफावत जवळपास तिथेच राहिली.

दुसरं दार सरकारी वकिलाचं, आणि आमच्या मते सगळ्यांत जड तेच. एकच प्रकरण राज्याच्या न्यायालयात चालवता येतं किंवा फेडरल न्यायालयात. अनेक राज्यांत क्रॅक आणि पावडर यांत फरकच नव्हता. म्हणजे त्याच पुड्यांसाठी एका इमारतीत काही महिने आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीत दहा वर्षं. कोणत्या इमारतीत जायचं हे वकील ठरवतो, आणि का ठरवलं हे त्याला कुणाला सांगावं लागत नाही. जुनी शिक्षा पुढे करून किमान वर्षं वाढवण्याची नोटीस द्यायची की नाही, हेही त्याच्याच हातात. अशा नोटिशीने १० वर्षांची किमान शिक्षा २० वर्षांवर जात असे. २०१८ नंतर ती १५ वर जाते. ‘कबूल हो, नाहीतर नोटीस देतो’ एवढं वाक्य पुरतं. फेडरल न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक खटला न लढवता गुन्हा कबूल करतात, त्यामागे हा हिशेब असतो.

तिसरं दार जुन्या नोंदींचं. ज्या वस्तीत पोलीस रोज झडत्या घेतात, तिथल्या तरुणाच्या नावावर विशीतच दोन-तीन किरकोळ शिक्षा जमतात. पुढच्या खटल्यात त्यांचे गुण धरले जातात आणि शिक्षा वाढते. पहिल्या दाराशी झालेला भेदभाव इथे ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ या तटस्थ नावाने पुन्हा मोजला जातो.

प्रश्न : प्रत्यक्ष शिक्षा कशी मोजतात? एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

दोन काल्पनिक आरोपी घेऊ. दोघांकडे विक्रीसाठी प्रत्येकी २८ ग्रॅम माल सापडला, एकाकडे क्रॅक आणि दुसऱ्याकडे पावडर. दोघांच्या नावावर एक जुनी किरकोळ शिक्षा, म्हणजे गुन्हेगारी इतिहासाचा १ गुण, म्हणून दोघेही पहिल्या श्रेणीत. शस्त्र नाही, मारहाण नाही. दोघांनी गुन्हा कबूल केला, पण माल कुणाकडून आणला हे सांगायला घाबरून नकार दिला. २०१० मध्ये क्रॅकची ५ ग्रॅमची मर्यादा २८ ग्रॅमवर गेली, त्या सुधारणेनंतरचे आकडे वापरू.

शिक्षा आयोगाच्या तक्त्यात एका बाजूला गुन्ह्याची पायरी आणि दुसऱ्या बाजूला इतिहासाची श्रेणी असते. दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत महिने लिहिलेले असतात. २८ ग्रॅम क्रॅक म्हणजे पायरी २४, चौकटीत ५१ ते ६३ महिने. वेळेत कबुली दिल्याबद्दल ३ पायऱ्या कमी होऊन पायरी २१, म्हणजे ३७ ते ४६ महिने. इथवर ठीक वाटतं. पण २८ ग्रॅमला कायद्याने किमान ५ वर्षं सांगितली आहेत आणि तक्ता कायद्याच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणून ३७ ते ४६ हा आकडा खोडून ६० महिने लिहायचे. कबुलीची सवलत मिळूनही उपयोग शून्य.

पावडरवाल्याची पायरी १२, म्हणजे १० ते १६ महिने. कबुलीने २ पायऱ्या कमी होऊन पायरी १०, म्हणजे ६ ते १२ महिने. या पट्ट्यात न्यायाधीश तुरुंगाऐवजी घरी नजरकैद आणि देखरेख अशी शिक्षाही देऊ शकतात. सक्तीची किमान शिक्षा लागू होत नाही, त्यासाठी ५०० ग्रॅम लागतात.

तर एक जण ५ वर्षं आत आणि दुसरा कदाचित एकही रात्र तुरुंगात न काढता घरी. फेडरल व्यवस्थेत १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोल नाही. चांगल्या वागणुकीचे वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस सुटतात, म्हणजे ५ वर्षांत २७० दिवस. ते वजा केले तरी क्रॅकवाल्याची सव्वाचार वर्षं उरतात.

सक्तीच्या शिक्षेतून सुटायचे मार्ग दोनच. एक ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’, १९९४ पासून. त्याला पाच अटी आहेत : जुना रेकॉर्ड मर्यादेत हवा, हिंसा किंवा शस्त्र नको, कुणाचा मृत्यू वा गंभीर इजा नको, आरोपी टोळीचा म्होरक्या नको, आणि शिक्षेच्या सुनावणीपर्यंत त्याने स्वतःच्या गुन्ह्याविषयी माहीत असलेलं सगळं सरकारला खरंखरं सांगितलेलं हवं. आपल्या उदाहरणातला माणूस शेवटच्या अटीवर अडकला. रेकॉर्डची अट २०१८ मध्ये सैल झाली खरी, पण मार्च २०२४ मध्ये ‘पल्सिफर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तिचा अर्थ पुन्हा आवळला. त्यातल्या तीन उपअटींपैकी एकही मोडली तरी व्हॉल्व्ह बंद, असा तो निकाल आहे.

दुसरा मार्ग म्हणजे इतरांना पकडून देणं. त्यासाठी अर्ज सरकारी वकिलानेच करावा लागतो. इथली मेख अशी की ज्याच्याकडे सांगण्यासारखी माहिती जास्त, त्याची सुटका सोपी. साखळीत वर असलेला माणूस दहा नावं देतो. टोकावरच्या पोराकडे, किंवा ज्या बाईने नवऱ्याचा फोन घेतला म्हणून कटात गोवली गेली तिच्याकडे, देण्यासारखं नावच नसतं. १९८८ पासून कटात सामील असलेल्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच किमान शिक्षा लागते आणि वजन धरलं जातं ते त्या माणसाला कल्पना येऊ शकेल एवढ्या साऱ्या मालाचं. त्यामुळे ही बाई म्होरक्यापेक्षा जास्त वर्षं आत राहिल्याची प्रकरणं घडली आहेत.

प्रश्न : म्हणजे न्यायाधीश निर्दोष आणि सगळा दोष कायद्याचा?

बराचसा कायद्याचा, सगळा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या ‘बुकर’ निकालाने आयोगाचा तक्ता बंधनकारक न राहता मार्गदर्शक झाला. २००७ मध्ये ‘किंब्रो’ खटल्यात न्यायालयाने म्हटलं की, क्रॅकचं प्रमाण अवाजवी वाटतं एवढ्या कारणावरूनही न्यायाधीश तक्त्याखाली जाऊ शकतात. सक्तीच्या किमान शिक्षेला मात्र दोन्ही निकालांनी हात लागला नाही.

मोकळीक मिळाली तेव्हा काय झालं? आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्व प्रकारच्या फेडरल गुन्ह्यांचा अहवाल काढला. गुन्हा, रेकॉर्ड वगैरे गोष्टी सारख्या धरूनही कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या पुरुषांपेक्षा १३.४ टक्के लांब शिक्षा झाल्या होत्या. त्यातला बारकावा महत्त्वाचा आहे. तुरुंगवासच झाला अशांपुरतं पाहिलं तर फरक ४.७ टक्क्यांवर येतो. म्हणजे मोठी दरी आहे ती तुरुंगात पाठवायचं की देखरेखीवर सोडायचं, या निर्णयात. देखरेखीवर सुटण्याची शक्यता कृष्णवर्णीय पुरुषांच्या बाबतीत २३.४ टक्क्यांनी कमी होती. घर आहे, नोकरी आहे, हमी घेणारं कुटुंब आहे, अशा गोष्टींवर हा निर्णय होतो. त्या गोष्टी सगळ्यांकडे सारख्या नसतात, आणि कुणाकडे पाहून ‘हा सुधारेल’ असं वाटतं, तेही सगळ्यांच्या बाबतीत सारखं नसतं.

प्रश्न : मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. या विषयावर आकडे वापरताना काय सांभाळावं?

पहिलं, फेडरल आणि राज्य हे आकडे मिसळू नका. फेडरल तुरुंगांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतले कैदी निम्म्याच्या जवळपास आहेत, राज्यांच्या तुरुंगांत सात-आठांतला एक. पण एकूण कैद्यांपैकी बहुसंख्य राज्यांकडे आहेत. ‘सगळे तुरुंग ड्रग्जवाल्यांनी भरलेत’ हे वाक्य म्हणूनच चुकतं.

दुसरं, क्रॅक म्हणजे कृष्णवर्णीय आणि पावडर म्हणजे गोरे अशी सोपी जोडी लावू नका. फेडरल न्यायालयांत पावडरसाठी शिक्षा होणारे आज बहुसंख्य हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, आहेत. क्रॅकच्या बाबतीत २०२१ मध्येही ७७.६ टक्के कृष्णवर्णीय होते, आणि देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १३-१४ टक्के आहे.

तिसरं, सुधारणा झाली असेल तर ती लिहा. राज्यांच्या तुरुंगांत अमली पदार्थांसाठी डांबलं जाण्याचा कृष्णवर्णीयांचा दर २००० मध्ये गोऱ्यांच्या पंधरापट होता, २०१६ पर्यंत तो पाचपटीच्या आसपास आला. पाचपट ही काही समाधानाची जागा नव्हे, पण कायदे बदलले की आकडे हलतात याचा हा पुरावा आहे आणि तो वाचकापासून दडवू नये.

प्रश्न : इतके आकडे समोर असताना न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य का ठरवला नाही? (कायद्याची विद्यार्थिनी)

कारण फेडरल न्यायालयाला परिणाम पुरत नाही, हेतू दाखवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा ‘मॅक्लेस्की’ निकाल तुम्ही वाचलाच असेल. खटला जॉर्जियातल्या फाशीचा होता. मारला गेलेला माणूस गोरा असेल तर फाशी होण्याची शक्यता ४.३ पट, असा अभ्यास बचाव पक्षाने ठेवला. न्यायालयाने तो अभ्यास ग्राह्य मानून चर्चा केली आणि पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, याच आरोपीच्या बाबतीत कुणी जाणूनबुजून भेदभाव केला हे यातून सिद्ध होत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर, आपलं मत बदलता आलं तर या खटल्यातलं बदलू, असं सांगितलं. फाशीचा हा निकाल पुढे अमली पदार्थांच्या खटल्यांत वर्षानुवर्षं आडवा आला.

१९९६ च्या ‘आर्मस्ट्राँग’ खटल्यात अडचण आणखी उघडी पडली. लॉस एंजेलिसच्या फेडरल बचाव वकिलांनी १९९१ मध्ये निकाली निघालेल्या त्यांच्या क्रॅकच्या २४ प्रकरणांची यादी दिली. चोवीसही आरोपी कृष्णवर्णीय. सरकारने आपले निकष आणि कागदपत्रं दाखवावीत, एवढीच मागणी होती. न्यायालय म्हणालं, आधी असे गोरे दाखवा ज्यांच्यावर खटला भरता आला असता पण भरला नाही. ती माहिती नेमकी सरकारच्या कपाटात. कपाट उघडायची किल्ली कपाटातच ठेवलेली.

खालच्या न्यायालयांत प्रयत्न झाले. १९९४ मध्ये सेंट लुइसचे न्यायाधीश क्लाइड केहिल यांनी एका अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला १० वर्षांऐवजी ४ वर्षं दिली आणि नकळत काम करणारा वर्णद्वेषही समतेच्या हमीचा भंग करतो, असं सविस्तर लिहिलं. अपील न्यायालयाने त्याच वर्षी निकाल फिरवला.

मिनेसोटात मात्र त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या बळावर यश आलं. तिथे ३ ग्रॅम क्रॅकला २० वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि १० ग्रॅमहून कमी पावडरला ५ वर्षांपर्यंत. १९८८ मध्ये क्रॅक बाळगल्याचा आरोप ठेवलेल्यांपैकी ९६.६ टक्के कृष्णवर्णीय होते, पावडरवाल्यांपैकी ७९.६ टक्के गोरे. १९९१ च्या ‘स्टेट विरुद्ध रसेल’ निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा फरक रद्द केला. त्यावर विधिमंडळाने काय केलं? क्रॅकची शिक्षा खाली आणण्याऐवजी पावडरची वर नेली. समानता मागताना ती कोणत्या पातळीवर हवी हे सांगितलं नाही, तर असं होऊ शकतं.

तुम्हाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर कॅलिफोर्नियाचा २०२१ पासून लागू झालेला ‘रेशियल जस्टिस ॲक्ट’ पाहा. त्यात हेतू सिद्ध करण्याची अट काढली आहे. तशाच प्रकरणांत दुसऱ्या वर्णाच्या लोकांवर हलके आरोप ठेवले जातात किंवा त्यांना हलक्या शिक्षा होतात, हे आकडेवारीने दाखवता येतं. सरकारकडून माहिती मागण्याचा हक्कही त्यातच आहे. आर्मस्ट्राँगची किल्ली या एका राज्याने तरी बाहेर काढली.

प्रश्न : २०१० मध्ये कायदा बदलला, तेव्हा आधीपासून आत असलेले सुटले का?

नाही, आणि ही सगळ्यांत क्लेशकारक बाब आहे. ३ ऑगस्ट २०१० च्या ‘फेअर सेंटेन्सिंग ॲक्ट’ने ५ ग्रॅमची मर्यादा २८ वर आणि ५० ग्रॅमची २८० वर नेली, म्हणजे शंभरपट होतं ते अठरापट झालं. नुसतं बाळगल्याची सक्तीची ५ वर्षंही गेली. पण हा बदल मागे लागू नव्हता. २ ऑगस्टला शिक्षा झालेला माणूस जुन्या मापात आणि ३ ऑगस्टनंतर शिक्षा झालेला नव्या मापात. तेही २०१२ मध्ये ‘डॉर्सी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्यावर.

जुन्या कैद्यांसाठी दार उघडलं ते २१ डिसेंबर २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप ॲक्ट’च्या कलम ४०४ ने. अर्ज शिक्षा देणाऱ्या न्यायालयातच करायचा. कैदी स्वतः, सरकारी वकील, तुरुंग विभाग किंवा न्यायालय आपणहून, कुणीही करू शकतं. मात्र एकदा गुणवत्तेवर विचार होऊन नकार मिळाला की दुसरी संधी नाही. म्हणून तुरुंगातून घाईने हस्तलिखित अर्ज पाठवण्यापेक्षा आधी फेडरल बचाव वकिलांच्या कार्यालयाशी बोलणं आणि आत केलेला अभ्यास, काम, स्वच्छ वर्तणूक यांचे कागद सोबत जोडणं शहाणपणाचं. २०२२ च्या ‘कन्सेप्सियन’ निकालानुसार न्यायाधीश या गोष्टी विचारात घेऊ शकतात. सुमारे चार हजार लोकांची शिक्षा या कलमाने कमी झाली. त्यांतले दहापैकी नऊ कृष्णवर्णीय होते.

तरी एक गट बाहेर राहिला. फ्लोरिडातल्या टेरी नावाच्या माणसाकडे ३.९ ग्रॅम क्रॅक होतं, जुन्या रेकॉर्डमुळे शिक्षा झाली १८८ महिन्यांची. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की, त्याला सवलत नाही. कारण २०१० च्या कायद्याने ५ आणि ५० ग्रॅमच्या मर्यादा बदलल्या, त्याहून कमी मालाच्या कलमात वजनच नव्हतं, मग ते ‘बदललं’ असं म्हणता येत नाही. जास्त माल असलेल्याला अर्जाचा हक्क, कमी असलेल्याला नाही. शब्दांचा अर्थ म्हणून निकाल बिनचूक असेलही. आम्हाला तो वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

प्रश्न : शाळेजवळ अमली पदार्थ विकणाऱ्याला जास्त शिक्षा, यात वावगं काय?

हेतूत काहीच नाही. गडबड नकाशात आहे. न्यू जर्सीच्या १९८७ च्या कायद्यात शाळेपासून १,००० फुटांपर्यंत वाढीव शिक्षा होती. दाट वस्तीच्या शहरात शाळा जवळजवळ असतात, त्यामुळे वर्तुळं एकमेकांत मिसळून शहराचा मोठा भाग ‘शाळेजवळ’ ठरतो. ऐसपैस उपनगरात तसं होत नाही. मग रात्री दोन वाजता, शाळा बंद असताना, दोन प्रौढांतल्या व्यवहारालाही ते कलम लागतं. राज्याच्याच शिक्षाविषयक आयोगाला २००५ मध्ये आढळलं की, या कलमाखाली तुरुंगात गेलेल्यांपैकी ९६ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. जानेवारी २०१० पासून तिथल्या न्यायाधीशांना सक्तीची शिक्षा टाळण्याची मुभा मिळाली.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत शिकतो. मध्यंतरी रात्री पोलिसांनी त्याची गाडी थांबवली आणि झडती घेऊ का, असं विचारलं. त्याने घाबरून हो म्हटलं. काही सापडलं नाही, पण काळजी वाटते. अशा वेळी काय करावं?

परवाना, गाडीची नोंदणी आणि विम्याचा कागद मागितले की द्यावेत. हात दिसतील असे ठेवावेत, वाद घालू नये. झडतीला मात्र नाही म्हणता येतं आणि नाही म्हणणं हा संशयाचा पुरावा ठरत नाही. ‘आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च’ एवढं शांतपणे म्हणावं. त्यांनी तरीही घेतली तर अडवू नये. नकार नोंदला गेला की पुढे वकिलाला तो मुद्दा घेता येतो. संमती दिली की तो मुद्दा बहुधा संपतो. ‘ॲम आय फ्री टू गो?’ असं विचारता येतं. २०१५ च्या ‘रॉड्रिगेझ’ निकालानुसार वाहतूक नियमाचं काम संपल्यावर अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा आणण्यासाठी विनाकारण थांबवून ठेवता येत नाही.

गाडी थांबवण्याचं खरं कारण काय होतं, हे मात्र उकरता येत नाही. १९९६ च्या ‘व्रेन’ निकालाने सांगितलं की, छोटासा का होईना नियमभंग झाला असेल तर पोलिसाच्या मनात काय होतं याने फरक पडत नाही. न्यू जर्सीत याचा इतिहास मोठा आहे. त्याच वर्षी तिथल्या न्यायालयाने टर्नपाइक या महामार्गावर कृष्णवर्णीय चालकांना हेरून थांबवलं जातं हे आकडेवारीवरून मान्य केलं, आणि १९९९ मध्ये राज्य पोलिसांना फेडरल देखरेख स्वीकारावी लागली. २००२ पासून त्या राज्यात सबळ संशय असल्याशिवाय पोलिसांनी झडतीची संमती मागणंही चालत नाही.

भाचा अमेरिकेचा नागरिक नसेल, तर एक गोष्ट त्याला नक्की सांगा. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो गुन्हाच आहे आणि व्हिसा फेडरल कायद्याने चालतो. अमली पदार्थाच्या जवळजवळ कोणत्याही शिक्षेने देशाबाहेर काढता येतं. अपवाद एकच : स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा, तोही एकदाच. ‘तुरुंग नाही, नुसती देखरेख आहे, कबूल करून टाक’ असा सल्ला नागरिकाला परवडेल, परदेशी विद्यार्थ्याला नाही. कारण इमिग्रेशनच्या दृष्टीने कबुली आणि देखरेख मिळून शिक्षाच धरली जाते. २०१० च्या ‘पडिला’ निकालापासून बचाव वकिलाने हा धोका सांगणं बंधनकारक आहे. तरी कबुलीवर सही करण्याआधी हा प्रश्न भाच्याने आपल्या तोंडाने विचारावा.

प्रश्न : अठरापट तरी का? एकास एक का होत नाही?

जवळ येऊन राहिलं. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रॅक आणि पावडर यांचं माप एक करणारा ‘इक्वल ॲक्ट’ प्रतिनिधिगृहात ३६१ विरुद्ध ६६ मतांनी मंजूर झाला, दोन्ही पक्षांच्या मतांनी. सिनेटमध्ये तो मतदानाला आलाच नाही आणि त्या काँग्रेसची मुदत संपताच बाद झाला. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, गारलँड यांनी सरकारी वकिलांना क्रॅकसाठी पावडरचंच माप धरायला सांगितलं. पण असा आदेश म्हणजे कायदा नव्हे. पुढच्या सरकारने २०२५ मध्ये तो मागेही घेतला. कायद्याच्या पुस्तकात आजही २८ ग्रॅम आणि ५०० ग्रॅम हेच आकडे आहेत.